नवा टॅब्लेट: रांगा एवढ्या, तरी मतं एवढी वेगळी का?

नवा टॅब्लेट बाजारात आला की पहिल्याच आठवड्यात दोन प्रकारच्या बातम्या शेजारीशेजारी दिसतात. एकीकडे दुकानांसमोरच्या रांगा आणि संपलेला साठा. दुसरीकडे जाणकार सांगत असतात, की यात नवीन काही नाही, हा नुसता मोठा केलेला फोन आहे, किंमत अवाच्या सवा आहे, थोडं थांबा. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. वाचणाऱ्याला मात्र कळेनासं होतं की घेणारे फसतायत, की नावं ठेवणारे चुकतायत?

बहुतेक वेळा दोघंही चुकत नसतात. मागणीचा आकडा एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि मत दुसऱ्याच. आपण ती दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाची समजतो, म्हणून ती एकमेकांवर आदळताना दिसतात. हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण पहिल्या आठवड्याच्या गलक्यात कष्टाचे पैसे घालणारी माणसं मला दरवेळी दिसतात. त्याच गलक्यात एखादी चांगली, कामाची वस्तू उगाच नाकारणारीही दिसतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण २०१० सालचं आहे. २७ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड दाखवला. ९.७ इंचांचा पडदा, साधारण ६८० ग्रॅम वजन, एकदा चार्ज केला की १० तास चालेल असा दावा आणि ४९९ डॉलरपासून सुरू होणारी किंमत. त्या दिवसापासूनच उणिवांची यादी तयार झाली. कॅमेरा नाही. यूएसबी पोर्ट नाही. एक अ‍ॅप चालू असताना दुसरं चालवता येत नाही. फ्लॅश, म्हणजे वेबवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारं अडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर, चालत नाही. हा शेवटचा मुद्दा आज किरकोळ वाटेल, पण तेव्हा वेबवरचे कितीतरी व्हिडिओ आणि जवळपास सगळे खेळ फ्लॅशवरच चालत. ज्या उपकरणाची जाहिरातच 'वेब पाहण्याचा सर्वांत चांगला अनुभव' अशी होती, त्यावर अनेक पानांमध्ये व्हिडिओच्या जागी रिकामा चौकोन दिसणार होता. टीका अगदी रास्त होती.

३ एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३ लाखांहून अधिक आयपॅड गेले. १० लाखांचा टप्पा २८ दिवसांत पार झाला. अमेरिकेतली मागणीच पुरवता येईना, म्हणून अ‍ॅपलने इतर देशांतली विक्री महिनाभर पुढे ढकलली. ८० दिवसांत आकडा ३० लाखांवर गेला.

म्हणजे टीकाकारांची यादी खोटी ठरली का? अजिबात नाही. त्यातला एकेक मुद्दा पुढे कंपनीनेच मान्य केल्यासारखा झाला. एकाहून अधिक अ‍ॅप चालवण्याची सोय नोव्हेंबर २०१० च्या सॉफ्टवेअरमध्ये आली, कॅमेरे मार्च २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या आयपॅडमध्ये. फ्लॅश तेवढा कधीच आला नाही, पण नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द अडोबीनेच मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅश बनवणं थांबवायचं जाहीर केलं. यादी बरोबर होती. 'एवढं नाही, म्हणून लोक घेणार नाहीत' हा त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा फसला.

तो का फसला, हे समजण्यासाठी माणूस नव्या वस्तूची किंमत मनात कशी लावतो ते पाहावं लागतं. कुठलीही वस्तू आपण एकटी तोलत नाही. शेजारी दुसरी काहीतरी ठेवूनच तोलतो. टॅब्लेटचा घोळ असा, की त्याच्या शेजारी काय ठेवायचं यावर लोकांचं एकमत नसतं. ज्याने लॅपटॉप ठेवला, त्याला टॅबमध्ये फक्त वजाबाकी दिसते: कीबोर्ड गेला, फायली सांभाळायची मुभा गेली, हवं ते सॉफ्टवेअर टाकायचं स्वातंत्र्य गेलं. ज्याने फोन ठेवला, त्याला बेरीज दिसते: तेच अ‍ॅप, तेच बोटाने सरकवणं, पण डोळ्यांना आराम आणि वाचण्याएवढी जागा. आणि ज्याला संगणकाची कायम धास्ती वाटत आली, तो शेजारी काहीच ठेवत नाही. त्याच्यासाठी ही आयुष्यातली पहिलीच यंत्रवस्तू असते, जी चालू करायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

जॉब्ज यांनी मंचावर एका ऐसपैस खुर्चीत रेलून आयपॅड चालवून दाखवला होता. त्या बसण्यातच तोलायचं माप दडलेलं होतं. टेबलाशी बसून करायच्या कामांशी याची तुलना करू नका, असं ते न बोलता सांगत होते. जाणकारांपैकी बरेचजण टेबलाशीच बसून लिहीत होते, त्यामुळे त्यांनी टेबलावरचंच माप लावलं. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचं काम तिथेच होतं.

याची उलट बाजूही पाहायला हवी. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'टॅब्लेट पीसी' आणला होता. पूर्ण विंडोज, लेखणीने पडद्यावर लिहिण्याची सोय, हस्ताक्षर ओळखण्याची क्षमता. सोयींची यादी केली तर आठ वर्षांनी आलेल्या आयपॅडपेक्षा ती लांब भरेल. तरी तो घराघरांत पोचला नाही. काही रुग्णालयांत, विम्याच्या आणि पाहणीच्या कामांत त्याने आपली जागा धरली, तेवढीच. महाग होता, जड होता, आणि त्यातलं विंडोज माउससाठी रचलेलं होतं, बोटांसाठी नाही. काय काय करता येतं याची यादी आणि किती जणांना हवंसं वाटतं याचा आकडा, या दोहोंत सरळ नातं नसतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता मागणीकडे वळू. 'मागणी आहे' असं आपण सहज म्हणतो, पण अर्थशास्त्रात मागणी कधीच नुसती नसते, ती एखाद्या किमतीला असते. टॅब्लेटच्या इतिहासात हे जितकं लख्ख दिसलं, तितकं क्वचितच कुठे दिसलं असेल. जुलै २०११ च्या पहिल्या तारखेला एचपीने टचपॅड नावाचा टॅब बाजारात आणला. सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर, म्हणजे आयपॅडएवढीच. परीक्षणं मिश्र होती: सॉफ्टवेअरची रचना सुंदर, पण यंत्र जाडजूड, चालायला मंद, अ‍ॅप कमी. विक्री थंड. १८ ऑगस्टला, सात आठवड्यांच्या आत, एचपीने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्याच्या शेवटी किंमत ९९ डॉलरवर आली आणि दुकानं रिकामी झाली. संकेतस्थळं कोलमडली, लोक दुकानादुकानांतून शोधत फिरले. शेवटी एचपीला आणखी एक, अखेरची खेप बनवावी लागली.

यात काय बदललं होतं? यंत्र तेच, जाडी तीच, मंदपणा तोच. उलट आता ते बंद पडलेलं उत्पादन होतं, पुढे सुधारेल अशी आशाही उरली नव्हती. बदलली फक्त किंमत. ४९९ डॉलरला 'वाईट' म्हणणारा आणि ९९ डॉलरला रांगेत उभा राहणारा एकच माणूस असू शकतो, आणि तो दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल फायर १९९ डॉलरला आणला, पुढच्या वर्षी गूगलने नेक्सस ७ त्याच किमतीला. दोन्ही लहान, आयपॅडपेक्षा कितीतरी कमी गोष्टी करणारे, आणि दोन्ही चांगले चालले. म्हणून कुठलंही मत वाचताना ते कोणत्या किमतीला दिलेलं आहे, हे आधी पाहावं. किंमत उतरल्यावर जुनं परीक्षण शब्दशः खरं राहतं, पण त्याचा निकाल बदललेला असू शकतो.

मागणीचे आकडे आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात आणखी एक गोम असते, आणि ती बातम्यांत फार कमी वेळा सांगितली जाते. कंपनी 'विकले' म्हणते तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ 'दुकानदारांना आणि वितरकांना पाठवले' असा असतो. कारखान्यातून निघून दुकानाच्या मागच्या खोलीत पोचलेला टॅब कंपनीच्या हिशेबात विकलेला असतो. ग्राहकाच्या हातात तो अजून गेलेला नसतो. सॅमसंगने २०१० च्या अखेरीस आलेल्या पहिल्या गॅलेक्सी टॅबसाठी २० लाखांचा आकडा दिला, तो जगभर छापला गेला. जानेवारी २०११ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना कंपनीनेच स्पष्ट केलं, की हा आकडा दुकानांकडे गेलेल्या मालाचा होता.

पाठवलेला माल आणि खपलेला माल यांतली दरी फार रुंदावली, की ती अखेर हिशेबात उघडी पडते. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या 'रिसर्च इन मोशन'ने एप्रिल २०११ मध्ये प्लेबुक आणला. ईमेलसाठी नावाजलेली ही कंपनी, आणि तिच्या टॅबमध्ये स्वतःचं ईमेल अ‍ॅपच नव्हतं. टॅबवर ब्लॅकबेरीचं ईमेल पाहायचं तर ब्लॅकबेरी फोन जोडावा लागे. ईमेल अ‍ॅप आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये, पडून राहिलेल्या प्लेबुकपोटी कंपनीला ४८.५ कोटी डॉलरचा फटका दाखवावा लागला होता. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटीचं तर याहून मोठं झालं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो आला आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्याच्या साठ्याचं मोल ९० कोटी डॉलरनी कमी केलं. हे आकडे कुठल्याही परीक्षणापेक्षा रोखठोक असतात, फक्त ते सहा-नऊ महिने उशिरा येतात. घेणाऱ्याला उत्तर हवं असतं पहिल्या आठवड्यात.

सरफेस आरटीकडे थोडं बारकाईने पाहू, कारण मतं कशी फाटतात ते तिथे कळतं. त्याच्या बांधणीचं कौतुक अनेकांनी केलं होतं, मागचा टेकू आणि आवरणातला कीबोर्ड दोन्ही आवडले होते. पण तो दिसायला विंडोज असूनही लोकांची जुनी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हती, कारण आतली चिप वेगळ्या जातीची होती. नवीन अ‍ॅपचं दुकान अजून भरलं नव्हतं. मग ज्याने हातात घेऊन पाहिला, तो म्हणाला सुंदर आहे. ज्याने घरी नेऊन रोजचं काम करायला घेतलं, तो म्हणाला उपयोगाचा नाही.

टॅब्लेटबद्दलची बरीच मतं खरं तर त्या टॅबबद्दलची नसतातच. ती त्याच्या भविष्याबद्दलची असतात. टॅबची उपयुक्तता अ‍ॅपवर अवलंबून, अ‍ॅप बनवणारे ग्राहकांच्या संख्येवर अवलंबून, आणि ग्राहक येणार अ‍ॅप पाहून. हे चक्र सुरू होईपर्यंत प्रत्येक नवा टॅब अर्धवटच असतो. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाचा झूम आला, टॅब्लेटसाठी मुद्दाम बनवलेल्या अँड्रॉइड ३.० सह. यंत्र ताकदीचं होतं, पण त्या मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली अ‍ॅप हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. आशावादी माणसाने लिहिलं, अ‍ॅप येतीलच. सावध माणसाने लिहिलं, आज नाहीत. दोघांच्या समोर एकच यंत्र होतं, दोघांनी वेगळं भविष्य धरलं होतं. आयपॅडला इथे जन्मजात फायदा मिळाला, कारण आयफोनची लाखाहून अधिक अ‍ॅप त्यावर पहिल्या दिवसापासून चालत होती. काही ओबडधोबड दिसायची, पण चालायची.

माझं मत विचाराल तर अशा बाबतीत सावध माणसाचं ऐकावं. आज जे चालतं तेवढ्याचेच पैसे द्यावेत. पुढे काय येईल याचं आश्वासन ही कंपनीची इच्छा असते. ती प्रामाणिक असली तरी पुरी होईलच असं नाही. टचपॅड घेणाऱ्यांनाही अपडेटची आश्वासनं मिळाली होती.

आता रांगेत उभ्या असलेल्यांकडे येऊ. एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याची मांडणी केली. त्याने लोकांचे पाच गट पाडले: अगदी पहिले २.५ टक्के, त्यांच्या मागचे १३.५ टक्के, मग ३४ टक्के लवकर येणारं बहुमत, ३४ टक्के उशिरा येणारं बहुमत, आणि शेवटी १६ टक्के सर्वांत मागून येणारे. टक्केवारीवर फार अडून बसू नये, ती एका आदर्श वक्राची विभागणी आहे. पण गाभा पक्का आहे: पहिल्या आठवड्यात घेणारी माणसं पुढच्या दोन वर्षांत घेणाऱ्यांसारखी नसतात. त्यांना नव्याची ओढ असते, उणिवा सोसायची तयारी असते, आणि बऱ्याच जणांचा निर्णय टॅब दिसण्याआधीच झालेला असतो. त्यामुळे पहिल्या दिवसाची रांग कंपनीवरच्या विश्वासाबद्दल बरंच सांगते, त्या टॅबबद्दल थोडंच. रांग लांब दिसण्याचं एक साधं कारण पुरवठा हेही असतं. माल कमी आला की थोडी मागणीही मोठी भासते.

ग्राहकांच्या ताऱ्यांवरही याच कारणाने जपून विश्वास ठेवावा. शिनशिन ली आणि लॉरिन हिट या अभ्यासकांनी २००८ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या मतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला घेणाऱ्यांची आवड पुढच्यांपेक्षा वेगळी असल्याने सुरुवातीची सरासरी फसवी ठरू शकते, हे त्यांनी दाखवलं. पुस्तकांचं जे झालं ते टॅबचंही होणारच, कारण दोन्हीकडे आधी चाहते येतात. शिवाय लिहितो कोण? भारावलेला किंवा संतापलेला. ज्याला टॅब बरा वाटला, कामापुरता चालला, तो लिहायला बसत नाही. म्हणून पाच आणि एक ताऱ्यांचे ढीग दिसतात आणि मधली जागा ओस. त्या ओस जागेतली तीन-चार तारेवाली मतं मी आधी वाचते. तिथे माणूस बहुधा काय आवडलं आणि काय खटकलं हे दोन्ही सांगतो.

पैसे मोजून झाल्यावर मन कसं वागतं, हेही यात आलं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सांगितलं, की आपली कृती आणि आपलं मत जुळत नसेल तर माणसाला अस्वस्थ वाटतं आणि ती अस्वस्थता घालवायला तो बरेचदा मतच बदलतो. ५००-६०० डॉलर खर्चून झाल्यावर कृती मागे घेणं अवघड, मत वळवणं सोपं. घेतलेल्याला त्याचे गुण ठळक दिसू लागतात. न घेतलेल्यालाही तेच होतं, उलट्या दिशेने: मी थांबलो ते शहाणपणाचं होतं, हे त्याला स्वतःला पटवायचं असतं. टॅब्लेटवरचे वाद एवढे तिखट होतात याचं मोठं कारण मला हेच वाटतं. वाद यंत्रावर चालू असतो, पण पणाला लागलेला असतो प्रत्येकाचा आपला निर्णय.

व्यावसायिक परीक्षकाची अडचण वेगळी. त्याने पैसे घातलेले नसतात, त्यामुळे तो वरच्या ओढाताणीतून सुटलेला असतो. पण त्याच्या हातात टॅब असतो आठवडाभर, आणि त्याच्या घरी आणखी चार टॅब असतात. पाच टॅबमध्ये फरक शोधणं हे त्याचं काम, म्हणून पडद्याच्या तेजातला थोडासा फरकही त्याला महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे एकच टॅब असणार आहे. तो फरक तुम्हाला कदाचित कधी जाणवणारही नाही. उलट दोन वर्षांनी बॅटरी किती टिकते, अपडेट येत राहतात का, घरातल्या मुलाच्या हातून पडल्यावर दुरुस्ती कितीला पडते, हे तुम्हाला रोज जाणवणार आहे, आणि आठवड्याच्या परीक्षणात ते येऊच शकत नाही. त्यामुळे नव्या टॅबचं परीक्षण वाचताना त्याच कंपनीच्या दोन वर्षं जुन्या टॅबबद्दल त्याचे मालक आज काय म्हणतात, तेही शोधून वाचावं. त्या वाचनाचा उपयोग जास्त होतो.

ही टिकण्याची गोष्ट आकड्यांतही उतरली, आणि तिथे मागणी आणि मत यांचं नातं पुन्हा एकदा उलटं झालं. अ‍ॅपलने २०१३ च्या आर्थिक वर्षात ७ कोटी १० लाख आयपॅड विकले. त्यापाठोपाठच्या, डिसेंबर २०१३ मध्ये संपलेल्या तिमाहीत तर २ कोटी ६० लाख. त्यानंतर उतार लागला, आणि २०१७ च्या आर्थिक वर्षात आकडा ४ कोटी ३७ लाखांवर आला. टॅब्लेटचे दिवस संपले असे मथळे आले. पण या काळात टॅब वाईट झाले नव्हते, उलट हलके आणि वेगवान झाले होते, आणि वापरणारे नाराजही नव्हते. फोनचे पडदे मोठे होत गेले, हे एक कारण. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस साडेपाच इंचांचा झाला, तेव्हा अनेकांना मधल्या मापाच्या उपकरणाची गरज उरली नाही. दुसरं कारण असं, की घेतलेला टॅब चालतच राहिला. फोन रोज खिशातून काढला जातो, पडतो, त्याची बॅटरी दिवसाला एकदा तरी संपते. टॅब घरात राहतो, चित्रपट दाखवतो, पुस्तक वाचून दाखवतो, आणि चार-पाच वर्षं निभावतो. समाधानी ग्राहक दुकानात परत येत नव्हता, आणि ही घसरण नापसंतीची खूण म्हणून वाचली जात होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं, की यापुढे किती नग विकले ते सांगणार नाही, फक्त उत्पन्नाचा आकडा देणार. आता नव्या आयपॅडच्या खपाबद्दल आपण वाचतो ते बाजारसंशोधन संस्थांचे अंदाज असतात, आणि तेही बहुतेक वेळा कारखान्यातून रवाना झालेल्या मालाचे.